कैलास लेण्याचा हिशेब

तुमच्यापैकी पुष्कळांनी शाळेच्या सहलीत वेरूळची लेणी पाहिली असतील. ज्यांनी पाहिली नसतील ते आज ना उद्या पाहतीलच. छत्रपती संभाजीनगरपासून (पूर्वीचे औरंगाबाद) सुमारे ३० किलोमीटरवर हे गाव आहे. तेथील डोंगराच्या पश्चिम अंगाला एका ओळीत ३४ लेणी आहेत. १ ते १२ बौद्धांची, १३ ते २९ हिंदूंची आणि ३० ते ३४ जैनांची. त्यातले १६ क्रमांकाचे लेणे म्हणजेच जगप्रसिद्ध कैलास.

मागच्या हिवाळ्यात मी एका शाळेच्या सहलीबरोबर तेथे गेलो होतो. सर्वजण मान वर करून शिखराकडे पाहत असताना आठवीतला एक मुलगा माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "सर, हे माणसांनी केलेलंच नाही. परग्रहावरच्या लोकांनी केलंय. मी मोबाईलवर पाहिलंय. अठरा वर्षांत चार लाख टन दगड काढला. रोज बारा तास काम धरलं तरी तासाला पाच टन! माणसाला शक्य आहे का?"

मला त्याचा राग आला नाही. उलट आनंद झाला, कारण त्याने आकडे आणले होते. आकडे आणणाऱ्याशी बोलता येते. मी म्हटले, "वही काढ. आपण इथंच हिशेब करू." तोच हिशेब आज तुम्हीही माझ्याबरोबर करा.

प्रथम हे देऊळ बांधले कसे ते समजून घेऊ. खरे तर ते बांधलेलेच नाही. आपल्या गावातले देऊळ पायापासून वर चढत जाते. दगडावर दगड ठेवायचा आणि शेवटी कळस बसवायचा. कैलासाचे सारेच उलटे. डोंगराच्या माथ्यावरून तिन्ही बाजूंनी खोल चर खणत कारागीर खाली उतरले. मध्ये दगडाचा एक प्रचंड ठोकळा शिल्लक राहिला आणि त्यातून त्यांनी वरून खाली देऊळ कोरून काढले. आधी शिखर, मग मंडप, सर्वांत शेवटी जोते. जोत्यावरचे हत्ती पाठीवर देऊळ पेलून उभे आहेत असे वाटते खरे, पण शिखर आधी आणि हत्ती नंतर!

या पद्धतीचा मोठा फायदा पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्याच्या लगेच लक्षात येईल. एक टन वजनाचा दगड ३० मीटर उंच चढवायचा तर गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे तीन लाख ज्यूल कार्य करावे लागते. येथे शिखराचा एकही दगड वर चढवावा लागला नाही. तो तेथे होताच! तोटाही तितकाच मोठा. बांधकामात एखादा दगड चुकला तर बदलता येतो. येथे नको तो टवका उडाला की उडाला. म्हणजे पहिला घाव घालण्यापूर्वी संपूर्ण देऊळ कोणाच्या तरी डोक्यात तयार असले पाहिजे.

ते कोठून आले? त्याचे उत्तर इतिहासात आहे. इ. स. ७५३ च्या सुमारास राष्ट्रकूट राजा दंतिदुर्ग याने बदामीच्या चालुक्यांची सत्ता मोडली. त्याच्यानंतर त्याचा चुलता कृष्ण पहिला गादीवर आला. कर्नाटकात पट्टदकल येथे चालुक्यांनी त्यापूर्वी थोडीच वर्षे बांधलेले विरूपाक्ष मंदिर आहे. त्याची आणि कैलासाची मांडणी शेजारी ठेवून पाहिली तर नाते लपत नाही. कैलास आकाशातून पडलेला नाही. त्याच्या मागे दगडी देवळांची चांगली जुनी परंपरा उभी आहे.

कैलास कृष्णराजाचाच हे कशावरून? बडोद्याला एक ताम्रपट सापडला. तो राष्ट्रकूटांच्याच गुजरात शाखेतील कर्क राजाचा असून शके ७३४, म्हणजे इ. स. ८१२-१३ मधला आहे. एलापूर येथे कृष्णराजाने करविलेल्या अद्भुत शिवालयाचे वर्णन त्यात आहे. हे एलापूर म्हणजे वेरूळ आणि ते शिवालय म्हणजे कैलास, याकडे १८८३ साली रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी लक्ष वेधले. आता गंमत पाहा. विमानातून जाणारे देवसुद्धा हे देऊळ पाहून थक्क होतात, असे ताम्रपटाचा कवी म्हणतो. पण त्याच्या लेखी देव केवळ प्रेक्षक आहेत. "हे माझ्या हातून झाले तरी कसे?" असे आश्चर्य ज्याला वाटते, तो आहे कारागीर. कोरणारा माणूसच होता, याबद्दल बाराशे वर्षांपूर्वी कोणाला शंका नव्हती!

आपल्या मराठीतही एक आख्यायिका आहे. कृष्ण याज्ञवल्की यांच्या 'कथाकल्पतरू' या जुन्या ग्रंथात ती येते. राजा आजारी पडला. तो बरा झाल्यास शिवाचे देऊळ बांधीन आणि त्याचे शिखर पाहीपर्यंत अन्न घेणार नाही, असा राणीने नवस केला. राजा बरा झाला, पण देऊळ उभे राहायला तर फार काळ लागणार. तेव्हा पैठणचा कोकस नावाचा कारागीर पुढे आला. त्याने वरूनच कोरायला सुरुवात केली आणि आठवड्याभरात राणीला शिखर दाखवले. ही गोष्ट काही इतिहास नव्हे. पण काम वरून खाली झाले, ही तिच्यातली खूण मात्र खरी आहे.

आता वही उघडा. ज्या अंगणात कैलास उभा आहे त्याची लांबी सुमारे ८४ मीटर आणि रुंदी सुमारे ४७ मीटर. गुणाकार केला की जवळजवळ ४,००० चौरस मीटर क्षेत्रफळ येते. मागच्या बाजूला कडा सुमारे ३३ मीटर उंच आहे. पण डोंगर उतरता असल्यामुळे पुढे ही उंची पुष्कळ कमी होते. म्हणून सरासरी खोली २० मीटर धरू. घनफळ झाले ८०,००० घनमीटर. यातून मध्ये शिल्लक ठेवलेल्या देवळाचे, अंदाजाने १०,००० घनमीटर वजा करू. राहिले ७०,०००. हा दगड म्हणजे आपला काळा पाषाण, बेसाल्ट. त्याच्या एका घनमीटरचे वजन सुमारे २.९ टन. तेव्हा काढलेला दगड झाला सुमारे दोन लाख टन.

मग चार लाख टन कोठून आले? सगळीकडे ३३ मीटर खोली धरा आणि देवळाचे घनफळ वजा करायला विसरा. उत्तर पावणेचार लाख टनांच्या पुढे जाईल. उतार विसरला की डोंगर दुप्पट होतो!

आता वेळ. अठरा वर्षे हा आकडा कोणत्याही शिलालेखात नाही. तो कृष्णराजाच्या राज्यकाळाशी जुळतो, इतकेच. पुष्कळसे काम त्याच्याच काळात झाले असे म. के. ढवळीकर यांचे मत होते. हर्मन गोएट्झ यांच्या मते मात्र ते अनेक राजांच्या काळात चालले होते. आपण त्या मुलाची अठरा वर्षेच घेऊ. १८ × ३६५ × १२ म्हणजे ७८,८४० तास. दोन लाख टनांना याने भागले की तासाला सुमारे अडीच टन येतात.

येथपर्यंत लिहून तो मुलगा थांबला. मी विचारले, "हे अडीच टन किती माणसांनी काढायचे?" तो माझ्याकडे पाहतच राहिला. चित्रफितीने एक भागाकार केला होता, दुसरा केलाच नव्हता! समजा, फक्त २५० माणसे फोडणीच्या कामावर होती. राजाच्या कामाला ही काही फार नव्हेत. अडीच टन म्हणजे २,५०० किलो. २,५०० भागिले २५० म्हणजे माणशी तासाला १० किलो.

दहा किलो पाषाण म्हणजे केवढा? प्रत्येक बाजू १५ सेंटिमीटर असलेला एक ठोकळा. जेमतेम एका घमेल्याचा माल. तासाभरात एका धडधाकट माणसाने पोलादी छिन्नी आणि हातोडा घेऊन एवढा दगड फोडायचा. अवघड आहे का? आहे. अशक्य आहे का? मुळीच नाही. मोबाईलवरचे पाच टन धरले तरी माणशी २० किलोच होतात. शिवाय सगळ्या दगडाचा चुरा करायचा नसतो. खाचा पाडून, पहारीने रेटून मोठमोठे ढलपे सुटे करता येतात. लाव्हारसाचा हा खडक थंड होताना त्याला आपोआप भेगाही पडलेल्या असतात. मूर्तींचे नाजूक कोरीवकाम अर्थातच वेगळे. ते सावकाश चालते आणि त्याला निवडक हात लागतात.

हिशेब संपल्यावर आम्ही अंगणाच्या कडेच्या उंच भिंतीजवळ गेलो. तेथे छिन्नीच्या खुणा अजून दिसतात. एकीशेजारी एक, हजारो. त्या मुलाने एका खुणेवरून बोट फिरवले आणि हळूच म्हणाला, "सर, म्हणजे ही एका माणसाची खूण." मला आणखी काही सांगावे लागले नाही.

मित्रांनो, हा डोंगर ज्या लाव्हारसाचा झाला तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजला. त्याचे सारे आयुष्य एक दिवसाचे मानले तर कैलास कोरून दोन सेकंदसुद्धा झालेले नाहीत. या दोन सेकंदांत ज्यांच्या हातांना घट्टे पडले, त्यांच्यापैकी कोणाचेही नाव आपल्याला ठाऊक नाही. त्यांचे काम परग्रहवासीयांच्या नावावर लिहून टाकणे म्हणजे त्यांची उरलीसुरली मजुरीही बुडवणे.

करून पाहा : अंगाच्या साबणाची एक जुनी वडी घ्या. वरच्या बाजूवर छोट्या देवळाचा आराखडा काढा आणि बोथट चाकूने वरून खाली कोरत या. कोरण्यापूर्वी आणि नंतर वडीचे वजन करा. एका तासात किती ग्रॅम साबण निघाला आणि किती वेळा हात चुकला, याची नोंद ठेवा. पुढच्या वेळी वेरूळला जाल तेव्हा ती वही बरोबर न्या.