डोंगर न सोडणारे फूल

आपल्याकडे आकाशकंदील टांगायचे दिवस आले, की पृथ्वीच्या दक्षिणार्धात वसंत भरात असतो. तिकडचा कडाक्याचा हिवाळा जून ते ऑगस्ट. आपण पहाटेच्या गारव्यात उटणे लावून अभ्यंगस्नानाला बसतो, तेव्हा लेसोथोच्या डोंगरांवरचे बर्फ वितळून गेलेले असते आणि दगडादगडांतून फुले डोकावू लागलेली असतात.

लेसोथो हा चारी बाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेला, ४ ऑक्टोबर १९६६ रोजी स्वतंत्र झालेला चिमुकला देश. आपले पुणे आणि अहिल्यानगर हे दोन जिल्हे एकत्र केले, तरी हा देश त्यांच्याहून लहानच भरेल. पण उंचीची गोष्ट निराळी! आपले महाबळेश्वर साधारण १,३५० मीटरवर. तर लेसोथोतली सर्वांत सखल जागाच १,४०० मीटरवर आहे. तिथल्या सर्वोच्च शिखराची उंची ३,४८२ मीटर, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून अधिक. नाव मात्र थाबाना न्तलेन्याना, म्हणजे ‘सुंदरशी टेकडी’. मोठ्यांना लाडाने लहान म्हणण्याची हौस तिकडेही आहे म्हणायची!

माझे मेहुणे नोकरीनिमित्त दरबानला असतात. त्यांच्या आग्रहावरून एका दिवाळीच्या सुटीत आम्ही सानी खिंडीतून वर चढलो. नागमोडी, खडकाळ वाट संपते ती सुमारे २,८७० मीटरवर. वर झाड म्हणून दिसत नाही. नजर पोहोचेल तिथवर गवत आणि काळा खडक. तो खडक पाहून मला तर सिंहगडच आठवला. आणि ते काही चुकीचे नव्हते. आपला सह्याद्री सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांनी बनला, तर हे डोंगर सुमारे अठरा कोटी वर्षांपूर्वीच्या तशाच थरांनी. दगडाच्या नात्याने पाहिले, तर हे आपले थोरले चुलतेच!

गाडीतून पाहणाऱ्याला हा माळ उघडाबोडका वाटतो. खाली उतरून गुडघे टेकले, की खरी मौज कळते. ओलसर जागी बोटाच्या पेराएवढी गुलाबी-पांढरी फुले दाटलेली. त्यांचे शास्त्रीय नाव ऱ्होडोहायपॉक्सिस. उच्चारताना मराठीच्या प्राध्यापकाचीही जीभ अडखळावी. खडकाच्या फटीत हेलिक्रिसमच्या रुपेरी गाद्या. त्यांची फुले कागदासारखी कोरडी, वाळली तरी न कोमेजणारी. याच कुळातली एक सुगंधी वनस्पती बासोथो लोक धुपासारखी जाळतात. लाकूडफाटा नाही म्हणून चुलीत गोवऱ्या! घरांच्या मातीच्या भिंतींवर बायका बोटांनी नक्षी काढतात. तिला ‘लितेमा’ म्हणतात. आमच्या सौभाग्यवती ती नक्षी पाहून गाडीत बसायलाच तयार होईनात.

थंडी, वारा, पाऊस या साऱ्यांवर या लोकांचा एकच उपाय: लोकरीचे नक्षीदार ब्लँकेट. १८६० साली मोशोएशोए राजाला असे एक ब्लँकेट भेट मिळाले आणि तेव्हापासून ते बासोथोंचा राष्ट्रीय पोशाखच झाले, असे सांगतात. भेटल्यावर म्हणायचे, ‘खोत्सो’, म्हणजे शांती असो. शांती, पाऊस आणि सुबत्ता, हेच या देशाचे बोधवाक्य. पावसाला बोधवाक्यात बसवणारा देश आपल्या शेतकऱ्याला परका वाटणार नाही.

या डोंगरांचा मानकरी मात्र कोरफडीच्या कुळातला. शास्त्रात त्याला ‘अ‍ॅलो पॉलिफिला’ म्हणतात आणि लेसोथोचे ते राष्ट्रीय फूल आहे. पाने टोकदार, जाड, पाच ओळींत गोल गोल वळत गेलेली. जणू कोणी घरंदाज सुगरणीने चकलीच पाडली आहे! काही झाडे उजवीकडे वळतात, काही डावीकडे. वसंत सरता सरता मधोमध दांडा येऊन फिक्या लाल फुलांचे झुबके लागतात आणि हिरव्या झळाळीचे शिंजीर पक्षी मधासाठी त्यांवर येतात. रानात हे झाड लेसोथोखेरीज जगात कुठेही उगवत नाही.

आणि इथेच त्याचे दुर्दैव सुरू होते. पुढे मालुती डोंगरातल्या एका वळणावर बारा-तेरा वर्षांचा एक गुराखी पोरगा ब्लँकेट लपेटून उभा होता. पुढ्यात पत्र्याच्या डब्यात मुळासकट उपटलेली एक कोरफड. “न्ताते, घ्या ना,” तो म्हणाला. न्ताते म्हणजे बाबा. मेहुण्यांचा हात खिशाकडे गेला. “अहो, कायद्याने बंदी आहे,” मी म्हटले. आमचा ड्रायव्हर हसून म्हणाला, “शिवाय खाली नेलीत, तर जगायची नाही. या झाडाला उताराचा निचरा हवा, डोंगराची थंडी हवी. सपाटीच्या बागेत मूळ कुजते.” आम्ही पोराला खाऊ दिला, झाड घेतले नाही. त्याचा चेहरा मात्र पडला, तो पडलाच.

त्या पोराला चोर म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तिकडचे कर्ते पुरुष पिढ्यान्‌पिढ्या दक्षिण आफ्रिकेच्या खाणींत राबले आणि उंचावरची गुरे-मेंढरे राखली ती पोरांनी. २००० सालापासून प्राथमिक शिक्षण टप्प्याटप्प्याने मोफत झाले, २०१० च्या कायद्याने सक्तीचेही झाले. पण मेंढरांना त्याचे काय? शाळा चुकलेल्या पोराला रस्त्यावरचा प्रवासी हाच बाजार. झाड उपटतो तो पोरगा, पण ते उपटायला लावतो तो आपल्यासारखा हौशी पाहुणा.

उपाय नाही असे नाही. ही कोरफड बियांपासून रुजवता येते. कात्से धरणाजवळच्या वनस्पती उद्यानात ती जोपासलेली आहे. धरणाच्या पाण्याखाली जाणाऱ्या जागेतली झाडे वाचवून हे उद्यान उभे राहिले. बियांपासून केलेली रोपे गावकऱ्यांनी राजरोस विकावीत आणि डोंगरावरची झाडे डोंगरावरच राहावीत, हा खरा मार्ग. फूल वाचवायचे, तर त्या गुराख्याच्या पोटाचा विचार आधी करावा लागेल.

आपले कास पठार काही फार दूर नाही. भाद्रपदात तिथे जाल, तेव्हा मुलांना एवढेच सांगा, की बाळांनो, वाका, गुडघे टेका, डोळे भरून पाहा. आणि रिकाम्या हाताने घरी या.