भाताच्या मुळाशी राबणारे जिवाणू

भाताला नत्र पुरवणारे जिवाणू खाचरात मुळातच असतात. त्यांतल्या कसदार जाती निवडून, प्रयोगशाळेत वाढवून पुन्हा मुळापाशी पोचवणे म्हणजे जिवाणू खत. हवेत 78 टक्के नत्र असला, तरी पिकाला तो थेट घेता येत नाही. ॲझोस्पिरिलम मुळांतून पाझरणाऱ्या सेंद्रिय आम्लांवर जगते आणि या नत्राचा अमोनिया करते. हे काम करणारे विकर प्राणवायूने निकामी होते, म्हणून पाणी साचलेले खाचर या जिवाणूला मानवते.

ठाणे जिल्ह्यात, विशेषतः मुरबाड, शहापूर, भिवंडी आणि कल्याण तालुक्यांत, याची गरज उघड आहे. जुलैच्या मुसळधार पावसात फेकलेला युरिया बांधावरून ओहोळात निघून जातो. मुळाला चिकटलेला जिवाणू तसा सहजासहजी वाहून जात नाही.

बियाणे आधी मिठाच्या 3 टक्के द्रावणात टाकून तरंगणारा पोचट दाणा काढतात, मग धुऊन सावलीत सुकवतात. बुरशीनाशक लावायचे तर ते आधी; जिवाणू खत सर्वांत शेवटी, किलोला 25 ग्रॅम. हा क्रम उलटला की जिवाणू मरतात.

खरा उपयोग होतो आवणीच्या वेळी. राबातून उपटलेल्या रोपांच्या मुठी पाण्यात झटकून मुळांचा चिखल काढतात आणि ॲझोस्पिरिलम व स्फुरद विरघळवणारे जिवाणू कालवलेल्या पाण्यात अर्धा तास उभ्या ठेवतात. घमेले झाडाखाली हवे, उन्हात नको. कोकणातल्या तांबड्या, आम्लधर्मी जमिनीत लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला धरून ठेवतात. दुसरे जिवाणू सेंद्रिय आम्ले सोडून तो मोकळा करतात.

भातखाचरातले निळे-हिरवे शेवाळ हवेतला नत्र स्थिर करते, हे पी. के. डे यांनी 1939 मध्ये दाखवले. आवणीनंतर दहा दिवसांनी हेक्टरी 10 किलो शेवाळ टाकले, तर 20 ते 30 किलो नत्र मिळू शकतो. मात्र त्याला ऊन आणि स्थिर पाणी लागते. म्हणून पाणी असलेल्या उन्हाळी भाताला ते अधिक जमते.

जिवाणू खत रासायनिक खताची जागा पूर्ण घेत नाही. हेक्टरी 100 किलो नत्राची शिफारस असेल, तर साधारण चौथाई कपात धरणे रास्त. त्याहून मोठी आश्वासने शेतकऱ्याचे नुकसान करतात. युरियाची पूर्ण मात्रा दिली, तर जिवाणू नत्र स्थिर करणे थांबवतात. पुडा घेताना मुदतीची तारीख पाहणे आवश्यक: भुकटीच्या खतात ग्रॅममागे किमान 5 कोटी जिवंत जिवाणू असावेत, असा नियम आहे.

भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. त्याला ॲझोस्पिरिलम नव्हे, रायझोबियम लागते. वालाच्या मुळावरची गाठ नखाने फोडली आणि आत गुलाबी रंग दिसला, तर नत्राचे काम चालू आहे. शेंगा तोडल्यावर वेल उपटून न टाकता मुळे जमिनीतच ठेवली, तर त्यांतला नत्र पुढच्या भाताच्या कामी येतो.