शेवटचा ठिपका कुठला मानायचा?

केंब्रिजमध्ये जॉन केंड्र्यू यांच्या गटानं १९५८ साली स्पर्म व्हेलच्या स्नायूंतल्या मायोग्लोबिन या प्रथिनाची त्रिमितीय रचना जाहीर केली. कुठल्याही प्रथिनाची अशी ही पहिलीच रचना. ती पाहून जाणकारही बुचकळ्यात पडले. वेड्यावाकड्या वळणांची एक जाड नळी, तिच्यात अडकलेली हीमची चपटी चकती, आणि सममितीचा मागमूस नाही! त्या नकाशामागं सुमारे ४०० विवर्तन-ठिपके होते आणि रेझोल्यूशन होतं ६ अँगस्ट्रॉम. १९६० मध्ये त्याच गटानं सुमारे दहा हजार ठिपके मोजून २ अँगस्ट्रॉमचा नकाशा काढला. आता नळीच्या जागी मळसूत्री अल्फा हेलिक्स दिसू लागले; त्यांचा फेर उजवीकडे वळतो, हेही ओळखता आलं. प्रथिन तेच होतं, तपशील मात्र नव्यानं सापडला.

अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. दोन कार्बन अणूंमधला साधा बंध १.५४ अँगस्ट्रॉम लांबीचा असतो. स्फटिकावर क्ष-किरणांचा झोत सोडला की शोधकावर ठिपके उमटतात. मधले ठिपके रेणूचा ढोबळ आकार सांगतात, तर कडेचे बारकावे. रेझोल्यूशनचा आकडा जितका लहान तितका नकाशा तपशीलवार, आणि ठिपक्यांची संख्या त्या आकड्याच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात वाढत जाते. सहावरून दोनवर यायचं तर सत्तावीसपट ठिपके मोजावे लागतात. केंड्र्यू यांच्या चारशेचे दहा हजार झाले ते यामुळंच.

अडचण अशी की कडेचे ठिपके फिके असतात. प्रथिनाच्या स्फटिकात साधारण निम्मं पाणी असतं, रेणू थरथरत असतात, रांगाही काटेकोर नसतात. बाहेर जावं तसा ठिपका विरत जातो आणि शेवटी पार्श्वभूमीत मिसळतो. मग विदा संपली कुठं?

हा निर्णय माणसानं घ्यायचा असतो. पट्टी लावून वाचावा असा हा आकडा नव्हे.

अनेक वर्षं निर्णय ठरावीक नियमांवर चालला. एकच ठिपका अनेकदा मोजला जातो. त्या मोजमापांत किती फरक पडतो ते आर-मर्ज हा निर्देशांक सांगतो. तो फार वाढला किंवा ठिपक्याची तीव्रता तिच्या अनिश्चिततेच्या दुपटीखाली गेली, की तिथं कात्री चालवायची. नियम सोपा होता, म्हणून रुळला. पण आर-मर्जमध्ये मुळातच खोट होती. तोच ठिपका जास्त वेळा मोजला तर सरासरी अधिक भरवशाची होते, आर-मर्ज मात्र वाढतो. म्हणजे अधिक कष्ट घेणाऱ्याचा निकाल वाईट दिसायचा! शिवाय सूत्राच्या छेदात सरासरी तीव्रता असल्यानं फिक्या ठिपक्यांपाशी हा आकडा बेलगाम होतो. अँड्र्यू कार्प्लस आणि काय डीडेरिक्स यांनी १९९७ मध्ये यातली पहिली चूक सुधारणारा आर-मीस हा निर्देशांक मांडला.

त्यांचं खरं मोठं काम २०१२ मध्ये 'सायन्स'मध्ये आलं. प्रत्येक ठिपक्याची मोजमापं यादृच्छिकपणे दोन गटांत वाटायची, प्रत्येक गटाची सरासरी काढायची आणि दोन्ही सरासऱ्या एकमेकींशी किती जुळतात ते पाहायचं. हा सहसंबंध, म्हणजे सीसी-हाफ, १ च्या जवळ असेल तर विदा उत्तम. शून्यावर आला तर उरला निव्वळ गोंगाट. सिस्टीन डायऑक्सिजिनेज या विकराच्या स्फटिकावर त्यांनी हे तपासलं. जुन्या नियमानं फेकून दिलेले ठिपके थराथरानं परत घेतले आणि दरवेळी रेणूची प्रतिकृती नव्यानं सुधारली. कसोटी प्रामाणिक राहावी म्हणून तुलना नेहमी एकाच सामाईक विदेवर केली. प्रतिकृती थेट १.४२ अँगस्ट्रॉमपर्यंत सुधारत गेली; तिथं सरासरी तीव्रता तिच्या अनिश्चिततेपेक्षाही कमी होती. कचरा समजून टाकलेल्या त्या ठिपक्यांत माहिती होती. किती प्रयोगशाळांनी ती वर्षानुवर्षं घालवली असेल, या विचारानं हळहळ वाटते.

याचा अर्थ शीर्षकात लहान आकडा मिरवायची मुभा मिळाली असा नाही. काही स्फटिक एका दिशेनं २ अँगस्ट्रॉमपर्यंत चमकतात आणि दुसऱ्या दिशेनं तिनावरच विझतात. त्यांना एकच आकडा चिकटवणं दिशाभूल करणारं आहे.

आकडा ढोबळ असला की चूक किती खोल लपू शकते, हे एमएसबीए प्रकरणानं दाखवलं. जिवाणूच्या पेशीपटलातल्या या वाहक प्रथिनाची ४.५ अँगस्ट्रॉमची रचना जेफ्री चँग यांच्या गटानं २००१ मध्ये प्रसिद्ध केली. प्रयोगशाळेत वापरलेल्या एका संगणकप्रणालीनं विदेतल्या दोन रकान्यांची अदलाबदल केली होती. त्यामुळं अख्खी रचना आरशातल्यासारखी उलटी झाली. २ अँगस्ट्रॉमला हेलिक्सचा डावा फेर नजरेतून सुटला नसता. ४.५ ला हेलिक्स म्हणजे नुसते दांडके. त्यांना डावं-उजवं कुठून असणार? २००६ मध्ये झुरिकच्या डॉसन आणि लोखर यांनी याच कुळातल्या एसएव्ही१८६६ ची रचना ३ अँगस्ट्रॉमला काढली, तेव्हा विसंगती उघड झाली. चँग यांच्या गटावर पाच शोधनिबंध मागं घेण्याची वेळ आली.

भारतातही हे निर्णय रोज घेतले जातात. इंदूरच्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर प्रथिन-स्फटिकांसाठीची किरणशलाका मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानं उभारली आहे. औषधाचा रेणू विकराच्या खोबणीत खरोखर बसला की नाही, हे ठरवताना रचनेचा एकूण आकडा पुरत नाही. त्या जागेचीच इलेक्ट्रॉन घनता पाहावी लागते. आणि विदा कुठं कापली, हे पुढच्या संशोधकाला तपासता यायचं तर छाटून उरलेल्या ठिपक्यांची यादी कामाची नाही. शोधकावर उमटलेल्या मूळ प्रतिमा जपायला हव्यात. २०१२ आधीच्या ज्या प्रयोगांच्या प्रतिमा टिकल्या, त्यांची कात्री आजही बदलता येते. ज्यांच्या पुसल्या गेल्या, त्यांच्यासाठी स्फटिक पुन्हा वाढवण्यावाचून मार्ग नाही.