पाण्यात उतरणाऱ्या लेकींचा पोशाख

मे महिन्याच्या सुट्टीत पोहण्याच्या वर्गांच्या पाट्या लागल्या की आपल्या घरांत एक ठरलेली चर्चा होते. मुलगा असेल तर चड्डी आणि टॉवेल दिला की झाले. मुलगी आठ-नऊ वर्षांची असेपर्यंत तिलाही कोणी अडवत नाही. अकरावे-बारावे लागले की मात्र कपड्यांचा प्रश्न निघतो आणि 'राहू दे यंदा' म्हणून मिटवला जातो. पुढच्या वर्षीही तेच. अर्धेमुर्धे पोहायला शिकलेली पोर काठावर बसून भावाचे कपडे सांभाळते. विहिरी, शेततळी, धरणे आणि कोकणातल्या खाड्या यांच्या शेजारी राहणाऱ्या आपल्या लोकांनी मुलींना असे अर्धवट सोडणे आम्हाला धोक्याचे वाटते.

सतर सांभाळून पोहता येईल असे कपडे आता बाजारात भरपूर मिळतात. अडचण निवडीची आहे. घाईने घेतलेला सूट पाण्यात फुगतो, गळ्याशी आवळतो, दोन महिन्यांत ढिला पडतो; मग मुलगीच म्हणते, 'अम्मी, मला नाही जायचे.' म्हणून या वेळी जरा खोलात जाऊन लिहीत आहोत.

आधी सुती सलवार-कमीजविषयी. सहलीला समुद्रावर गेले की आपल्या बहुतेक बहिणी अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यात शिरतात. गुडघाभर पाण्यात उभे राहण्यापुरते ते चालून जाईल. पण सुती कापड पाणी पिते, जड होते, पायांत गुंडाळते, आणि ओढणी तर लाटेबरोबर गळ्याभोवती फिरते. ज्या पाण्यात पाय टेकत नाहीत तिथे हे कपडे चांगल्या पोहणारीलाही खाली ओढतात. भिजल्यावर ते अंगाला चिकटतात आणि फिके असतील तर आरपार दिसतात, म्हणजे ज्या कारणासाठी घातले तेही साधत नाही. अनेक तलावांवर सुती कपड्यांना मनाई असते ती त्यांचे तंतू आणि रंग पाण्यात सुटतात म्हणून. त्यात दरवेळी आपल्याविरुद्धचा भाव शोधू नये.

ज्याला आज सगळे 'बुर्किनी' म्हणतात तो पोशाख ऑस्ट्रेलियातला. लेबनॉनमध्ये जन्मलेल्या आणि सिडनीत राहणाऱ्या अहेदा झनेटी यांनी आपल्या भाचीला हिजाब आणि थरावर थर कपडे घालून नेटबॉल खेळताना पाहिले आणि मुलींच्या खेळासाठी सुटसुटीत कपडे शिवायला घेतले. त्यातूनच २००४ साली पोहण्याचा हा सूट तयार झाला. डोक्यावरची टोपी पाण्यात जागेवर राहते का, हे त्यांनी आधी घरच्या बाथटबमध्ये बसून पाहिले आणि मग तलावात सूर मारून. पुढे सिडनीच्या किनाऱ्यांवर मुस्लिम तरुण-तरुणींना जीवरक्षक म्हणून तयार करण्याचा उपक्रम निघाला, तेव्हा मुलींसाठी जीवरक्षकांच्या लाल-पिवळ्या रंगातला असा सूट बनवण्यात आला. २०१६ मध्ये फ्रान्सच्या काही किनारी गावांनी या पोशाखावर बंदी घातली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने त्यांपैकी एका गावाची बंदी स्थगित केली. या वादामुळे बुर्किनीचे नाव जगभर झाले. ऑस्ट्रेलियात मात्र कडक उन्हापासून कातडी वाचवण्यासाठी इतर स्त्रियाही हा सूट विकत घेतात, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही.

झनेटींची ती बाथटबची परीक्षा आपल्याला न्हाणीघरात बादलीनेही घेता येते, आणि खरेदीतली सगळ्यात उपयोगी गोष्ट तीच आहे. दुकानातल्या आरशासमोर कोरडा सूट छानच दिसतो. घरी आणल्यावर, परत करण्याची मुदत संपायच्या आत, आधी तो आतल्या कपड्यांवर कोरडाच चढवून बघा. दोन्ही हात वर करा. टॉप कमरेच्या वर सरकतो का? उकिडवे बसा, पँट मागून खाली ओढली जाते का? मान दोन्ही खांद्यांकडे वळवा. टोपी गळ्याशी आवळते किंवा डोळ्यांवर येते का? इथे नापास झाला तर परत करा. पास झाला आणि ठेवायचे ठरले, की मग अंगावर बादलीभर पाणी ओतून उजेडात उभे राहा आणि दुसऱ्या कुणाला तरी नीट बघायला सांगा. फिका रंग आणि पातळ कापड इथे उघडे पडते.

माप घेताना आपण एक गोष्ट चुकतो. सलवार-कमीजची सवय असल्यामुळे 'थोडा सैल असू दे' म्हणतो आणि एक नंबर मोठा घेतो. पोहण्याचे कापड भिजल्यावर आणखी सैलावते. कोरडेपणी जो नीट बसतो तो पाण्यात सैल होतो, आणि जो मुळातच सैल आहे त्यात हवा शिरून पाठीवर फुगा येतो. कापड अंगाला लागून असावे, पण श्वास घेताना दाटू नये. झाकण्याचे काम मापाने करू नये, ते कापडाच्या जाडीने आणि टॉपच्या लांबीने करावे. मांडीच्या मध्यापर्यंत येणारा, खाली किंचित घेर असलेला टॉप बहुतेकींना पुरतो. गुडघ्याखाली येणारा झगा पाय मारताना अडतो. छाती, कंबर, नितंब ही मापे टेपने घ्या आणि त्यांच्याबरोबर उंचीही बघा, कारण उंच मुलीला छातीच्या मापाने घेतलेला सूट हमखास आखूड होतो.

टॉप उलटा करून आत बघा. चांगल्या सुटाला आतून एक नाडी किंवा बंद असतो, तो पँटला बांधला की पाण्यात टॉप वर तरंगत नाही. एवढी एक नाडी नसेल तर बाकीची सगळी नक्षी फुकट आहे. छातीला अस्तर हवे. चेनच्या मागे कापडाची पट्टी हवी, नाहीतर हनुवटीखाली कातडी सोलवटते. शिवण ताणून बघा. टाके तुटल्याचा आवाज आला तर सूट तिथेच ठेवून निघा. लोंबणाऱ्या झालरी, लांब गाठी, खड्यांची सजावट पाण्याबाहेरच शोभते.

रंगाच्या बाबतीत आमचे मत बऱ्याच घरांच्या सवयीविरुद्ध जाईल. आपल्याकडे काळा किंवा गडद निळा म्हणजे सुरक्षित असे समीकरण आहे. अंग झाकण्यासाठी ते बरोबर आहे, पण समुद्राच्या किंवा खाडीच्या पाण्यात निळा, राखाडी आणि काळा रंग दुरून ओळखू येत नाही आणि बुडणारी व्यक्ती नजरेतून सुटते. भडक नारंगी किंवा झगझगीत गुलाबी लगेच दिसतो. सगळा सूट भडक नको असेल तर अंग गडद आणि टोपी नारंगी अशी जोडी घ्या. पाण्याबाहेर राहते ते डोकेच. बाह्यांवर उभ्या पट्ट्या, खांद्यावर वेगळ्या रंगाचे कापड, मोठ्या पानांची छपाई असे कितीतरी देखणे नमुने आता मिळतात. शालीनता म्हणजे गबाळेपणा असे कुणी सांगितलेले नाही. मुलीला नमुना स्वतः निवडू द्या, म्हणजे सूट कपाटात पडून राहत नाही.

आता कापड. बहुतेक सूट नायलॉन आणि स्पॅन्डेक्स यांच्या मिश्रणाचे असतात. स्पॅन्डेक्स म्हणजे आपण ज्याला लायक्रा म्हणतो तोच ताणणारा धागा. हे मिश्रण मऊ असते आणि अंगावर छान बसते, पण तलावातले क्लोरीन स्पॅन्डेक्सला हळूहळू खाते. सूट बसका आणि झिरझिरीत होतो तो त्यामुळे. मुलगी आठवड्यातून तीन-चार दिवस तलावावर जाणार असेल तर पॉलिस्टर आणि पीबीटी या धाग्यांचे कापड शोधा. ते हाताला थोडे राठ लागते, पण क्लोरीनपुढे कितीतरी जास्त टिकते. वर्षातून एकदा समुद्रावर जाणारीला याची गरज नाही. उघड्या तलावासाठी लेबलवर 'यूपीएफ ५०' लिहिले आहे का बघा. त्याचा अर्थ उन्हातल्या अतिनील किरणांपैकी पन्नासावा भागच कापडातून आत येतो.

'पर्यावरणपूरक' हा शब्द आजकाल प्रत्येक लेबलवर चिकटवलेला असतो. त्यामागे काही ठिकाणी खरे काम आहे. इटलीतील एक कंपनी मासेमारीची जुनी जाळी, गालिचे आणि कारखान्यातली कात्रणे यांपासून पुन्हा नायलॉन बनवते. 'इकोनिल' या नावाने ते विकले जाते आणि स्विमसुटांत बरेच वापरले जाते. बाटल्यांपासून बनवलेले पॉलिस्टरही आहे. नवीन प्लास्टिक तेवढे कमी लागते, हे चांगलेच. पण जाळ्यांपासून बनले काय किंवा तेलापासून, धुताना दोन्हींचे बारीक तंतू सुटून पाण्यात जातात आणि फेकल्यावर दोन्ही वर्षानुवर्षे कुजत नाहीत. म्हणून आमचा कल लेबलपेक्षा टिकाऊपणाकडे आहे. दर उन्हाळ्याला एक 'हिरवा' सूट घेणाऱ्या घरापेक्षा एकच साधा सूट चार उन्हाळे वापरणारे घर कमी कचरा करते, आणि इस्राफही टळतो.

याच कारणाने आम्हाला अखंड सुटापेक्षा सुटे कपडे बरे वाटतात. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टॉप, ज्याला रॅश गार्ड म्हणतात, वेगळी पोहण्याची पँट आणि वेगळी टोपी. काठाच्या खडबडीत फरशीवर बसून पँटची बैठक सगळ्यात आधी झिजते. तेवढीच बदलता येते. वाढत्या वयाच्या मुलीच्या पँटला नाडी आणि आत दुमडलेली शिलाई असली तर दोन वर्षे सहज निघतात, मग धाकटीला जाते. फक्त सुट्या जोडीत टॉपला आतून बंद शिवून घ्यायला विसरू नका. दर्जीकडे काम दिले तर पॉलिस्टरचा दोरा आणि नागमोडी टाका सांगा. सरळ टाका कापड ताणले की तुटतो.

सूट टिकतो तो मात्र धुण्यावर. पाण्यात उतरण्याआधी शॉवरखाली साध्या पाण्याने पूर्ण भिजून घ्यावे. आधीच भिजलेले कापड क्लोरीनचे पाणी कमी शोषते. बाहेर आल्यावर लगेच पुन्हा साधे पाणी. ओला सूट प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून संध्याकाळपर्यंत ठेवणे हा त्याचा जीव घेण्याचा सोपा मार्ग आहे. मशीन नको, गरम पाणी नको, पिळणे नको. सौम्य साबणाने हाताने धुवून टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सावलीत पसरा.

फी भरण्यापूर्वी एक काम उरते. तलावावर जाऊन व्यवस्थापकांना सूट किंवा त्याचा फोटो दाखवा, कापड नायलॉनचे आहे हे लेबल दाखवून सांगा, आणि महिलांची बॅच कोणत्या वेळी असते, त्या वेळी शिकवणारी आणि जीवरक्षक बाईच असते का, हे विचारून घ्या. पहिल्या दिवशी दारात हुज्जत झाली तर मुलगी पुन्हा यायला धजत नाही. आणि तिच्याबरोबर स्वतःचेही माप घ्या. महिलांच्या बॅचमध्ये चाळिशीच्या अम्मी आणि खालाही पोहायला शिकू शकतात.