चौकोनी ठिपक्यांचा पतंग

कोबी, फुलकोबी, नवलकोल, मोहरी, मुळा इ. मोहरी कुलातील पिकांस उपद्रव देणारा एक लहान पतंग. याचा समावेश खवलेपंखी कीटकांच्या गणातील प्लुटेलिडी कुलात होतो. शास्त्रीय नाव प्लुटेला झायलोस्टेला. लिनीअस यांनी १७५८ मध्ये त्याचे वर्णन केले. आता तो जवळजवळ जगभर आढळतो.

पतंग करडा-तपकिरी असून पंखविस्तार सु. १५ मिमी. असतो. पुढील अरुंद पंखांच्या मागील कडेला फिकट पिवळसर, नागमोडी पट्टा असतो. बसताना पंख छपराप्रमाणे मिटले म्हणजे दोन्ही पट्टे एकमेकांस भिडून पाठीवर शंकरपाळ्याच्या आकाराचे तीन ठिपके दिसतात. मादीत ही खूण पुष्कळदा पुसट असते. अशा वेळी पुढे ताणलेल्या शृंगिका व पंखांची किंचित वर वळलेली टोके पाहावी लागतात.

मादी पानांच्या शिरांजवळ एकेकटी किंवा लहान गटांत पिवळसर अंडी घालते. अळी प्रथम पानाच्या आत शिरून ऊतक पोखरते. नंतर ती पानाच्या खालच्या बाजूने खाते, पण वरचा पातळ पापुद्रा तसाच ठेवते. त्यामुळे पानावर पारदर्शक खिडक्या पडल्यासारख्या दिसतात. पूर्ण वाढलेली अळी फिकट हिरवी, सु. १२ मिमी. लांब व दोन्ही टोकांस निमुळती असते. स्पर्श होताच ती जोराने वळवळत मागे सरकते व रेशमी धाग्याने खाली लोंबकळते. ही सर्वांत खात्रीची खूण होय. पाठीची कमान करीत चालणारी हिरवी अळी ही निराळी, उंट अळी होय. अंगावर जांभळट-तपकिरी उभे पट्टे असलेली व गड्ड्यात शिरणारी अळी हेलुला पतंगाची असते.

या पतंगाचा कोश विरळ व जाळीदार असतो. त्याच पानांवर दिसणारे घट्ट विणीचे लहान पांढरे कोश मात्र कोटेशिया या परजीवी गांधीलमाशीचे असतात. तिची अळी पतंगाच्या अळीच्या शरीरात वाढून तिला मारते. हे कोश किडीचे समजून सरसकट फवारणी केल्यास मित्रकीटक मरतात, कीड मात्र पुष्कळदा टिकते. कारण कीटकनाशकांस न जुमानण्यात हा पतंग अग्रेसर आहे. जावा बेटावर १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच त्याने डीडीटीला दाद देणे सोडले. हवाई बेटांवर बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जीवाणूच्या फवारणीलाही तो प्रतिकार करीत असल्याचे १९९० मध्ये प्रसिद्ध झाले.

मोहरीतील तिखट वासाच्या द्रव्यांकडे मादी आकर्षित होते. या सवयीचाच उपयोग करून बंगलोर येथील भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने सापळा पिकाची पद्धत बसविली. तीत कोबीच्या दर २५ ओळींनंतर मोहरीच्या दोन ओळी असतात. एक ओळ कोबीच्या लागवडीपूर्वी १५ दिवस व दुसरी लागवडीनंतर २५ दिवसांनी पेरतात, म्हणजे कोवळी मोहरी दीर्घकाळ उपलब्ध राहते. तिच्यावर जमलेल्या अळ्यांचा वेळीच नाश करावा लागतो.