आकसणारा सांधा आणि मापांचे गणित

सुरतजवळ, तापीच्या मुखाशी असलेल्या हजिरा येथील लार्सन अँड टुब्रोच्या कारखान्यात घडवले गेलेले क्रायोस्टॅट हे पोलादाच्या जोडकामाचा अभ्यास करू पाहणाऱ्याला उत्तम पाठ्यपुस्तकासारखे आहे. फ्रान्समधील कादाराश येथे उभारल्या जात असलेल्या ‘इटर’ या आंतरराष्ट्रीय संलयन-प्रकल्पातील संपूर्ण यंत्राला बाहेरून वेढणारे हे निर्वात पात्र सुमारे ३० मीटर व्यासाचे, जवळपास तेवढ्याच उंचीचे आणि ३,८५० टन वजनाचे आहे. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेच्या अखत्यारीतील ‘इटर-इंडिया’ने २०१२ मध्ये हे काम सोपवले आणि शेवटचा मोठा भाग ३० जून २०२० रोजी हजिऱ्याहून रवाना झाला. एवढे पात्र अखंड स्थितीत जहाजावर चढवणे अशक्य असल्यामुळे ते ५४ खंडांत बनवावे लागले. हे खंड कादाराशच्या कार्यशाळेत एकमेकांना वेल्ड करून त्यांचे चार मोठे विभाग तयार करण्यात आले.

कोणतीही वस्तू ड्रॉइंगवरील मापाबरहुकूम तंतोतंत बनत नाही, म्हणून प्रत्येक मापाबरोबर किती कमी-जास्त चालेल हेही सांगावे लागते. या मर्यादेला टॉलरन्स म्हणतात. लेथवर किंवा मिलिंग मशीनवर कातलेल्या भागाचे माप बहुधा कातल्यानंतर तसेच टिकते. वेल्ड केलेल्या भागाचे तसे नसते. सांध्यातील धातू १,४०० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो, थिजतो आणि थंड होताना आकसू लागतो. परंतु शेजारचा थंड, ताठ धातू त्याला मोकळेपणाने आकसू देत नाही, त्यामुळे काही आकुंचन प्रत्यक्ष मापात दिसते, काही प्लेट वाकण्यातून व्यक्त होते आणि उरलेले आतल्या ताणाच्या रूपाने धातूत अडकून राहते. क्रायोस्टॅटसाठी वापरलेल्या ३०४ या प्रकारच्या स्टेनलेस स्टीलमध्ये ही अडचण अधिक तीव्र होते, कारण साध्या पोलादाच्या तुलनेत ते तापल्यावर सुमारे दीडपट प्रसरण पावते, तर उष्णता जेमतेम एक तृतीयांश वेगाने वाहून नेते. परिणामी उष्णता सांध्याजवळच साठून राहते आणि प्लेट अधिक वाकते.

समजा, ३० मीटर व्यासाचे कडे सहा खंडांचे आहे आणि प्रत्येक उभा सांधा ३ मिलिमीटर आकसतो. अशा वेळी सुमारे ९४ मीटरच्या परिघातून १८ मिलिमीटर कमी होतात आणि व्यास जवळजवळ ६ मिलिमीटरने घटतो. म्हणूनच अनुभवी कारखान्यात खंड आधीच थोडे मोठे ठेवले जातात. येथे एक सूक्ष्म मुद्दा आहे, ज्याकडे संरचनाकारांचेही दुर्लक्ष होते. सहा भागांपैकी प्रत्येकाच्या मापात अधिक-उणे २ मिलिमीटर चूक शक्य असेल, तर सर्व चुका एकाच दिशेने साचल्यास एकूण फरक १२ मिलिमीटर होतो. परंतु चुका यदृच्छ असतील तर त्या बऱ्याच अंशी एकमेकींना छेद देतात आणि वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ घेऊन अपेक्षित फरक सुमारे ५ मिलिमीटरच येतो. कापकामातील चुकांना हे दुसरे गणित लागू पडते, आकुंचनाला मात्र लागू पडत नाही, कारण प्रत्येक सांधा आकसतो आणि कोणताही सांधा पसरत नाही. जी चूक नेहमी एकाच दिशेने होते तिला टॉलरन्समध्ये न बसवता मूळ मापातच धरावे लागते. तिच्यातील अनिश्चित भागापुरताच टॉलरन्स उरतो.

ही अनिश्चितता बहुतांशी फिट-अपमध्ये, म्हणजे वेल्डिंगपूर्वी दोन कडा एकमेकींसमोर बसवण्याच्या कामात, ठरते. कडांच्या मुळाशी ठेवलेली फट, म्हणजे रूट गॅप, फार अरुंद असेल तर मुळापर्यंत धातू वितळत नाही. ती फार रुंद असेल तर भरणधातू अधिक लागतो, उष्णता अधिक जाते आणि आकुंचनही वाढते. दोन प्लेटा एका पातळीत नसतील, ज्याला कारागीर ‘हाय-लो’ म्हणतात, तर ताण सरळ न जाता वळणाने जातो: सारख्या जाडीच्या दोन सपाट प्लेटांमध्ये जाडीच्या फक्त दहाव्या हिश्श्याएवढी वरखाल असली तरी पृष्ठभागावरील ताण सुमारे ३० टक्क्यांनी वाढू शकतो.

म्हणून ड्रॉइंगवर सरसकट अधिक-उणे १ मिलिमीटर लिहून टाकणे ही काटेकोरपणाची खूण नसून संरचनाकाराने आपली जबाबदारी फिटरवर ढकलणे आहे. ते माप वेल्डिंगपूर्वीचे की नंतरचे, कोणत्या पृष्ठभागापासूनचे आणि कोणता सांधा आधी भरल्यानंतरचे, हे सांगितल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ येत नाही. वेल्डेड बांधणीसाठी असलेल्या आयएसओ १३९२० या मानकात लांबी व कोनांसाठी अ ते ड असे चार वर्ग केलेले आहेत, ते याच जाणिवेतून. जेथे त्याहून अचूक माप हवे, तेथे जास्तीचा धातू राखून वेल्डिंगनंतर कातकाम करणे हाच खात्रीचा उपाय ठरतो. तापमानही विसरून चालत नाही. मापांसाठी प्रमाण तापमान २० अंश धरले जाते आणि स्टेनलेस स्टीलचा १० मीटरचा तुकडा दर १० अंशांमागे सुमारे १.७ मिलिमीटर वाढतो. त्यामुळे सुरतच्या मे महिन्यात आणि कादाराशच्या हिवाळ्यात घेतलेली त्याच तुकड्याची मापे, दुरुस्ती न करता ताडून पाहिल्यास, ५ मिलिमीटरने वेगळी दिसू शकतात.

ताकदीची मर्यादा आणि जुळणीची मर्यादा या दोन भिन्न गोष्टी आहेत. दाबपात्रांच्या अमेरिकन संहितेनुसार गोलाकार पात्राच्या कमाल आणि किमान व्यासांतील फरक एक टक्क्यापर्यंत चालतो. ३० मीटरसाठी हा फरक ३०० मिलिमीटर होईल, आणि एवढ्या वाकड्या कड्यावर दुसरे कडे बसणारच नाही. याचा कटू अनुभव इटरलाच आला, मात्र तो हजिऱ्याच्या पात्रात नव्हे, तर त्याच्या आत बसणाऱ्या नऊ खंडांच्या दुहेरी भिंतीच्या निर्वात कक्षात. त्याचा पहिला खंड मे २०२२ मध्ये यंत्र उभारण्याच्या खड्ड्यात उतरवल्यानंतर, सांध्यांच्या तिरप्या कडांत ठरल्यापेक्षा अधिक विचलन असल्याचे प्रकल्पाने त्याच वर्षी जाहीर केले. प्रश्न असा होता की अरुंद जागेत स्वयंचलितपणे फिरणाऱ्या वेल्डिंग-यंत्रांना कडांचा आकार सर्वत्र सारखा लागतो; हाताने वेल्ड करणारा कुशल कारागीर फट पाहून हात बदलतो, यंत्राला ती मोकळीक फारच थोडी असते. जुलै २०२३ मध्ये तो खंड पुन्हा वर उचलण्यात आला आणि कडांवर जेथे धातू कमी होता तेथे थर चढवून, जेथे जास्त होता तेथे कातून, त्या मापात आणण्याचे काम हाती घेण्यात आले.