उसाच्या मुळातील पंप आणि शेतातला वाफसा

(ऊस विकास अधिकारी, शेती खाते)



गटवार मेळाव्यात एक प्रश्न हमखास येतो. "साहेब, पोती तेवढीच टाकली, खतही एकाच गाडीतले, मग शेजारच्या रानात ऊस काळाभोर आणि आमच्यात पिवळा का?" खतात भेसळ असेल, बेणे बाद असेल, असे तर्क मग सुरू होतात. पुष्कळदा दोष दोहोंतही नसतो. खत सरीत पडलेले असते, पण मुळाने ते आत घेतलेले नसते. मूळ खत कसे घेते हे एकदा नीट समजले, तर पाण्याच्या पाळीचे गणित आपोआप सुटते. म्हणून हा लेख.

मूळ म्हणजे दिव्याची वात नव्हे

वात तेल ओढते तसे मूळ खताचे पाणी ओढते, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात मुळाच्या प्रत्येक पेशीभोवती एक अतिशय पातळ, स्निग्ध पडदा असतो. त्याला पेशीपटल म्हणतात. खत पाण्यात विरघळले की त्याचे विद्युतभार असलेले कण होतात, ते आयन. पोटॅशचा कण धनभाराचा, युरियापासून मातीत तयार होणारा नायट्रेटचा कण ऋणभाराचा. तेलात मीठ विरघळत नाही, तसे हे कण त्या स्निग्ध पडद्यातून जात नाहीत. त्यांच्यासाठी पडद्यात प्रथिनांची दारे आणि पंप बसवलेले असतात. शिवाय मातीतल्या पाण्यापेक्षा पेशीत पोटॅशियम शंभर पटीहून अधिक असते. इतका साठा आत ओढून ठेवायचा तर शक्ती खर्चावीच लागते.

उपसा योजनेसारखा कारभार

आपल्या सहकारी उपसा योजनेत नदीवरचा पंप पाणी एकदा वरच्या हौदात चढवतो. पुढे प्रत्येकाच्या दारातून ते उताराने रानात जाते. पेशीतही असेच चालते. पडद्यातला मुख्य पंप हायड्रोजनचे आयन एकसारखे बाहेर फेकतो. त्यामुळे पेशीची आतली बाजू ऋण आणि बाहेरची धन राहते. या ओढीने धनभाराचे पोटॅशियम आपल्या दारातून आत येते. नायट्रेट ऋण असल्याने सहजी येत नाही. परत आत शिरणारा हायड्रोजन त्याला जोडीने घेऊन येतो. म्हणजे पंप एक, पण त्याच्या जोरावर दारे अनेक चालतात. पंप बंद पडला की सगळ्यांचीच पाळी चुकते.

माणसाच्या शरीरातही असा पंप आहे, फक्त तो सोडियम बाहेर टाकतो आणि पोटॅशियम आत घेतो. डेन्मार्कचे शास्त्रज्ञ येन्स स्कोऊ यांनी खेकड्याच्या मज्जातंतूंवर काम करून १९५७ साली तो दाखवून दिला. १९९७ साली त्यांना रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. जुलाब झाल्यावर आपण मीठ-साखरेचे पाणी देतो, त्यामागेही हेच तत्त्व आहे. आतड्यात सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत जातात आणि त्यांच्यामागे पाणी जाते.

पंपाचे डिझेल

पंप चालवणारे इंधन म्हणजे एटीपी नावाचे द्रव्य. पानात तयार झालेली साखर मुळाकडे उतरते आणि तिथे ती जाळून एटीपी तयार होते. हवा असली तर ग्लुकोजच्या एका रेणूपासून सुमारे ३० एटीपी मिळतात. हवा नसली तर फक्त २. आणि पाण्यातून ऑक्सिजन पसरण्याचा वेग हवेच्या मानाने सुमारे १० हजार पट कमी असतो. सरी तुंबलेली राहिली की मुळाचा श्वास कोंडतो आणि पंप मंदावतो. नायट्रेटचा काही भाग तर वायू होऊन उडून जातो. चिबड रानात पोत्यामागून पोते टाकूनही ऊस पिवळाच राहतो, तो यामुळे.

क्षारपड रानात दुहेरी मार

सोडियम हा पोटॅशियमचा जणू सावत्र भाऊ. भार सारखाच, म्हणून तो काही दारांतून चोरून आत घुसतो. पेशीतली ५० हून अधिक विकरे पोटॅशियमवर चालतात. सोडियम त्यांच्या कामात अडथळा आणतो. त्याला बाहेर हाकलायचे किंवा पेशीतल्या कोठीत कोंडायचे, तर पुन्हा त्याच पंपाची शक्ती जाते. कांडी भरण्याऐवजी साखर पहारा देण्यातच खर्ची पडते.

संपृक्त मातीच्या अर्काची विद्युतवाहकता १.७ च्या वर गेली की पुढच्या प्रत्येक एककाला उसाचे उत्पन्न सुमारे ६ टक्क्यांनी घटते, असे मानतात. ती ४ वर गेली, तर ५० टनांच्या रानात जवळजवळ ७ टन गेले. प्रयोगशाळेच्या साध्या १:२.५ द्रावणातला आकडा यापेक्षा कमी दिसतो, म्हणून अहवाल समजावून घ्यावा. रसात क्षार वाढले की मळीत जाणारी साखर वाढते आणि उताराही घटतो.

तेव्हा करावे काय?

१. पाणी पाळीच्या तारखेवर न देता वाफसा पाहून द्यावे. चार-पाच इंच खालची माती मुठीत दाबावी. लाडू वळला आणि खाली टाकल्यावर फुटून भुगा झाला, तर वाफसा आहे. चिकट गोळा राहिला, तर पाणी थांबवावे.

२. खत वाफशावरच द्यावे, मातीआड करावे आणि नंतर हलके पाणी द्यावे.

३. खोलगट रानात निचऱ्याचा चर आधी काढावा, खताचा विचार मागून करावा. चर शेजाऱ्याच्या बांधावर अडत असेल तर दोघांनी मिळून काढावा. क्षार बांध ओळखत नाहीत.

४. जिप्सम सरसकट टाकू नये. माती परीक्षणात जमीन चोपण निघाली तरच टाकावे. त्यातले कॅल्शियम मातीला चिकटलेल्या सोडियमला सोडवते, पेशीपटलही मजबूत ठेवते. मात्र सुटलेले सोडियम वाहून जायला निचरा हवाच, नाहीतर पैसा वाया.

५. क्षारपड रानात म्युरेट ऑफ पोटॅशऐवजी सल्फेट ऑफ पोटॅश घ्यावे, म्हणजे क्लोराइडची भर पडणार नाही.

पुढच्या लागणीचे रान तयार करण्यापूर्वी मातीचा नमुना गट कार्यालयात आणून द्यावा. खताची मागणी अहवाल हाती आल्यावरच नोंदवावी.